धोरणाधिष्ठित मार्गनिर्धारण

संगणकजालातून जाणाऱ्या माहितीच्या पुडक्यांचा म्हणजेच पॅकेटांचा पुढील मार्ग केवळ त्यांच्या गंतव्य पत्त्यावरून न ठरविता, जाल चालविणाऱ्या संस्थेने आधी आखून दिलेल्या नियमांनुसार ठरविण्याच्या पद्धतीस धोरणाधिष्ठित मार्गनिर्धारण असे म्हणतात. पॅकेट कोणाकडून आले, ते कोणत्या कामाचे आहे, राउटरच्या कोणत्या द्वारातून आत शिरले, त्याची लांबी किती आहे व त्यावर कोणती खूण आहे, या गोष्टी अशा नियमांत विचारात घेतल्या जातात. संस्थेकडे इंटरनेटच्या दोन वा अधिक जोडण्या असतील, त्यांचा वेग, खर्च व भरवसा भिन्न असेल आणि कोणते काम कोणत्या जोडणीने व्हावे हे संस्थेस स्वतः ठरवावयाचे असेल, तेव्हा ही पद्धत उपयोगी पडते.

सामान्य मार्गनिर्धारण : इंटरनेटवरील प्रत्येक पॅकेटाच्या शीर्षभागात पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. आयपी या संकेतप्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा असतो. राउटरजवळ मार्गसारणी असते. पत्त्यांच्या कोणत्या गटासाठी पॅकेट कोणत्या शेजारी राउटरकडे द्यावयाचे, हे तीत नोंदलेले असते. पॅकेट आले की राउटर त्याचा गंतव्य पत्ता सारणीशी ताडून पाहतो आणि ज्या नोंदीचे आरंभीचे सर्वांत जास्त बिट जुळतात ती नोंद स्वीकारतो. उदा., सारणीत २०३.०.०.०/८ व २०३.०.११३.०/२४ अशा दोन नोंदी असल्यास २०३.०.११३.७ या पत्त्याचे पॅकेट दुसऱ्या नोंदीप्रमाणे जाते. कोणतीच नोंद जुळली नाही, तर ते सर्वसाधारण मार्गाने पाठविले जाते.

भारतीय टपाल खात्याने १९७२ मध्ये सुरू केलेल्या पिन कोड पद्धतीशी याचे साम्य आहे. तीत पहिल्या अंकावरून विभाग, पहिल्या तीन अंकांवरून छाननी जिल्हा (४२२ म्हणजे नासिक) व उरलेल्या तीन अंकांवरून टपाल कार्यालय कळते. पत्र कोणी लिहिले किंवा आत काय आहे, याचा छाननी करणाऱ्यास विचार करावा लागत नाही. सामान्य मार्गनिर्धारणाचे बळ या साधेपणात आहे. राउटरला प्रत्येक पॅकेटाविषयी एकच प्रश्न विचारावा लागतो आणि म्हणूनच तो अतिशय वेगाने काम करू शकतो. मात्र एकाच ठिकाणी जाणाऱ्या दोन पॅकेटांत भेद करणे या पद्धतीत शक्य नसते.

इतिहास : १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपीच्या विनिर्देशात, पाठविणाऱ्यानेच पॅकेटात वाटेतील थांब्यांची यादी घालण्याची सोय होती. पाठविणाऱ्याने राउटरवर हुकमत गाजविण्याचा हा प्रकार सुरक्षिततेच्या दृष्टीने धोक्याचा ठरल्याने पुढे बहुतेक जालांनी ती सोय बंद केली. धोरणाचा प्रश्न तीव्रतेने पुढे आला तो अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या जालाचा खर्च सरकारी निधीतून होत असल्याने त्यावरून निव्वळ व्यापारी स्वरूपाची वाहतूक नेण्यास मनाई होती. त्यामुळे दोन स्थानांमधील सर्वांत जवळचा मार्ग उपलब्ध असूनही तो प्रत्येकास वापरता येईना. ‘जवळचा मार्ग’ आणि ‘अनुज्ञेय मार्ग’ या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे या अनुभवावरून स्पष्ट झाले. मे १९८९ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी व जून १९८९ मध्ये हान्स-व्हेर्नर ब्राउन यांनी इंटरनेटच्या कार्यपत्रमालेत या विषयाची मांडणी केली. बीजीपी ही स्वायत्त जालांमधील मार्गविनिमयाची प्रणालीही याच वर्षी प्रसिद्ध झाली. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास सिस्को कंपनीच्या राउटरांत धोरणाधिष्ठित मार्गनिर्धारणाची सोय आली. जानेवारी १९९९ मध्ये प्रसृत झालेल्या लिनक्स गाभ्याच्या २.२ या आवृत्तीत अनेक मार्गसारण्या व त्यांतून निवड करणारे नियम उपलब्ध झाल्याने ही सोय साध्या संगणकावरही वापरता येऊ लागली.

भारतात १९८६ मध्ये सुरू झालेले एर्नेट हे शिक्षण व संशोधन यांकरिता असलेले पहिले महत्त्वाचे जाल होय. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था ही त्याची आरंभीची केंद्रे होत. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. देशांतर्गत वाहतूक परदेशाला वळसा घालून न येता देशातच बदलली जावी, या हेतूने २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिचे एक केंद्र मुंबईत आहे. २०१० साली केंद्र शासनाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय ज्ञान जालामुळे अनेक विद्यापीठांकडे एक शैक्षणिक व एक व्यापारी अशा दोन जोडण्या आल्या आणि कोणती वाहतूक कोणत्या जोडणीने न्यावी हा प्रश्न तेथील संगणक केंद्रांच्या नित्याच्या कामाचा भाग झाला.

कार्यपद्धती : प्रत्येक धोरणनियमाचे दोन भाग असतात : अट व कृती. अटीत पाठविणाऱ्याचा पत्ता, गंतव्य पत्ता, वाहतुकीची प्रणाली, सेवादर्शक पोर्ट क्रमांक, पॅकेटाची लांबी, प्रवेशाचे द्वार व खूण यांपैकी एक वा अनेक गोष्टी असतात. कृतीत पुढील राउटरचा पत्ता ठरविणे, बाहेर पडण्याचे द्वार ठरविणे, विशिष्ट मार्गसारणी निवडणे, पॅकेटावर खूण करणे किंवा ते टाकून देणे यांचा समावेश होतो. नियम क्रमवार तपासले जातात आणि त्यांचा क्रम बदलल्यास परिणामही बदलतो. एकही नियम लागू झाला नाही, तर पॅकेट सामान्य मार्गसारणीप्रमाणे जाते.

या पद्धतीची दोन रूपे प्रचलित आहेत. पहिल्यात नियमांची एक मालिका तयार करून ती राउटरच्या विशिष्ट प्रवेशद्वारास जोडतात. त्या द्वारातून आत येणाऱ्या पॅकेटांनाच ती लागू होते. राउटरने स्वतः निर्माण केलेल्या पॅकेटांसाठी वेगळी व्यवस्था करावी लागते. दुसऱ्या रूपात म्हणजे लिनक्समध्ये, एकाऐवजी अनेक मार्गसारण्या ठेवतात आणि कोणत्या पॅकेटाने कोणती सारणी पाहावी हे नियमांनी ठरवितात. नियमांना अग्रक्रम असतो व लहान क्रमांकाचा नियम आधी तपासला जातो. मूळ रचनेत तीनच नियम असतात : क्रमांक ० चा नियम यंत्राच्या स्वतःच्या पत्त्यांची सारणी, ३२,७६६ चा मुख्य सारणी व ३२,७६७ चा अखेरची राखीव सारणी पाहावयास सांगतो. व्यवस्थापक आपले नियम पहिल्या दोहोंच्या मधल्या जागेत घालतो. निवडलेल्या सारणीत योग्य मार्ग आढळला नाही, तर शोध तेथे न थांबता पुढील नियमाकडे जातो. हा गुणधर्म विशेष ध्यानात ठेवावा लागतो, कारण त्यापासून सोय व धोका दोन्ही संभवतात.

उदाहरण : नासिकमधील इंदिरानगरसारख्या वस्तीत एक मध्यम आकाराचे रुग्णालय आहे व तेथील सीटी स्कॅनच्या प्रतिमा मुंबईतील क्ष-किरणतज्ञाकडे अभिप्रायासाठी जातात, असे गृहीत धरू. रुग्णालयाकडे दोन जोडण्या आहेत. पहिली (क) दोन्ही दिशांना सेकंदास २० मेगाबिट वेगाची हमी असलेली व महाग आहे. दुसरी (ख) सेकंदास कमाल २०० मेगाबिट वेगाची, स्वस्त, परंतु अनेक ग्राहकांत विभागलेली व वेगाची हमी नसलेली आहे. रुग्णालयातील जालाचे तीन भाग पाडले आहेत : प्रतिमा व लेखा विभाग (१९२.१६८.१०.०/२४), रुग्णांच्या नातेवाइकांसाठी वाय-फाय (१९२.१६८.२०.०/२४) आणि निगराणी कॅमेरे (१९२.१६८.३०.०/२४).

सामान्य पद्धतीत क ही सर्वसाधारण जोडणी ठेवल्यास सर्व वाहतूक तिच्यावरून जाते. ५०० मेगाबाइटांची एक तपासणी पूर्ण वेगाने पाठविण्यास २०० सेकंद म्हणजे ३ मिनिटे २० सेकंद लागतात. परंतु त्याच वेळी ६ कॅमेरे प्रत्येकी सेकंदास २.५ मेगाबिट वेगाने चित्रणाच्या प्रती बाहेर पाठवीत असतील, तर प्रतिमांसाठी २० पैकी ५ मेगाबिटच उरतात आणि तीच तपासणी पोहोचण्यास ८०० सेकंद म्हणजे १३ मिनिटे २० सेकंद लागतात. रुग्णास मेंदूचा आघात झाला असल्यास ही १० मिनिटे क्षुल्लक नसतात. जे. एल. सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडून होणाऱ्या आघातात उपचाराअभावी दर मिनिटास सु. १९ लक्ष तंत्रिका कोशिका नष्ट होतात.

येथे पुढीलप्रमाणे रचना करता येते. सारणी १०० मध्ये क जोडणीचा व सारणी २०० मध्ये ख जोडणीचा सर्वसाधारण मार्ग नोंदवितात. मुख्य सारणीत अंतर्गत जालांचे मार्ग व ख जोडणीचा सर्वसाधारण मार्ग असतो. नंतर नियम लिहितात : (१) अग्रक्रम १,००० : गंतव्य पत्ता अंतर्गत (१९२.१६८.०.०/१६) असल्यास मुख्य सारणी पाहावी. (२) अग्रक्रम १,१०० : प्रतिमा व लेखा विभागाकडून आलेल्या पॅकेटांनी सारणी १०० पाहावी. (३) अग्रक्रम १,२०० : वाय-फाय व कॅमेरे यांच्या पॅकेटांनी सारणी २०० पाहावी. (४) अग्रक्रम १,३०० : राउटरच्या क जोडणीवरील पत्त्यापासून निघालेल्या पॅकेटांनी सारणी १०० व ख जोडणीवरील पत्त्यापासून निघालेल्यांनी सारणी २०० पाहावी. उरलेली वाहतूक मुख्य सारणीप्रमाणे जाते.

यांपैकी पहिला नियम अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. परंतु तो नसल्यास लेखा विभागातील संगणकाने शेजारच्या खोलीतील कॅमेऱ्याकडे पाठविलेले पॅकेटही नियम (२) प्रमाणे इंटरनेटच्या दिशेने जाईल. अपवाद आधी व सर्वसाधारण नियम नंतर, हा क्रम पाळावाच लागतो. चौथा नियमही महत्त्वाचा आहे. सेवा पुरविणाऱ्या संस्थांनी ग्राहकाकडून आलेल्या पॅकेटांवरील प्रेषक पत्ता तपासून परका पत्ता असलेली पॅकेटे नाकारावीत, अशी शिफारस मे २००० मध्ये करण्यात आली. त्यामुळे क जोडणीचा पत्ता धारण केलेले पॅकेट ख जोडणीने बाहेर काढल्यास ते बहुधा वाटेतच नष्ट होते.

बिघाडप्रसंगीचे धोरण : दोन जोडण्या चालू असताना नियम लिहिणे फारसे अवघड नाही. धोरणाची खरी कसोटी एक जोडणी बंद पडल्यावर लागते. वरील उदाहरणात क बंद पडून सारणी १०० मधील मार्ग नाहीसा झाला, तर शोध पुढे जाऊन मुख्य सारणीतील ख जोडणीवर स्थिरावतो. प्रतिमांच्या बाबतीत हे इष्टच आहे. पण ख बंद पडल्यावर वाय-फाय व कॅमेरे यांची वाहतूक क जोडणीवर वळविण्याची व्यवस्था मुख्य सारणीत असेल, तर ज्या गर्दीपासून प्रतिमांना दूर ठेवावयाचे तीच गर्दी नेमकी अडचणीच्या वेळी त्यांच्या मार्गात येते. हे टाळण्यासाठी सारणी २०० च्या तळाशी ‘अगम्य’ अशी नोंद करतात. त्यामुळे मार्ग नसल्यास पॅकेट तेथेच अडते व शोध पुढे जात नाही. केवळ कूटबद्ध खाजगी मार्गानेच जावी अशी अपेक्षा असलेली रुग्णांची माहिती, तो मार्ग बंद पडताच खुल्या मार्गाने बाहेर पडू नये म्हणूनही हीच योजना करतात. तात्पर्य, प्रत्येक प्रकारच्या वाहतुकीबाबत ‘कोणत्या मार्गाने जावे’ याबरोबरच ‘तो मार्ग नसल्यास काय व्हावे’ हेही लिहून ठेवणे आवश्यक असते.

जोडणी बंद पडली हे ओळखणेही वाटते तितके सोपे नसते. राउटर व सेवादात्याचे रुग्णालयातील यंत्र यांमधील तार शाबूत असेपर्यंत राउटरच्या दृष्टीने जोडणी चालू असते. रस्त्यावर खोदकाम चालू असता प्रकाशतंतू तुटल्यास तो राउटरला कळत नाही व पॅकेटे वाया जात राहतात. म्हणून दूरच्या एखाद्या पत्त्याकडे ठराविक काळाने चौकशी-पॅकेट पाठवून उत्तर येते का, हे पाहतात. हे पॅकेट त्याच जोडणीने जाईल असा बंदोबस्त करावा लागतो. अन्यथा ते दुसऱ्या जोडणीने जाऊन उत्तर आणते आणि बंद जोडणी चालू असल्याचा भास होतो. तसेच दोन सेवादात्यांचे तंतू एकाच चरातून वा एकाच खांबांवरून नेलेले असल्यास ते एकाच वेळी तुटू शकतात. नियमांची कितीही काळजीपूर्वक आखणी केली, तरी या दोषावर तिचा उपाय चालत नाही. जोडणी बदलली की बाहेरचा पत्ताही बदलतो. त्यामुळे चालू असलेली संभाषणे तुटतात व अर्धवट गेलेली प्रतिमा बहुधा पुन्हा पाठवावी लागते.

दोष व दक्षता : धोरण हे पॅकेट बाहेर पाठविणाऱ्या राउटरपुरते असते. उत्तर कोणत्या मार्गाने येईल हे इतरांचे राउटर ठरवितात. बाहेरून क जोडणीने आलेल्या विनंतीचे उत्तर ख जोडणीने गेले, तर विनंती करणाऱ्यास ते अनोळखी वाटते. यासाठी संभाषणाच्या पहिल्या पॅकेटावरच आगमनाच्या जोडणीची खूण करून ती त्या संभाषणाच्या सर्व उत्तरांना लावतात व त्या खुणेवरून सारणी निवडतात. संभाषणाची स्थिती लक्षात ठेवणारी फायरवॉलही एकाच दिशेची पॅकेटे दिसल्यास ती अडविते. पॅकेट ज्या द्वारातून आले त्याच द्वाराने प्रेषकाकडे परतीचा मार्ग आहे की नाही, अशी कडक तपासणी राउटरवर चालू असेल, तर धोरणाने वळविलेली योग्य पॅकेटेही नाकारली जातात. अशा ठिकाणी सौम्य तपासणी वापरण्याची तरतूद २००४ च्या शिफारशीत आहे.

पोर्ट क्रमांकावर आधारलेल्या नियमांना दोन मर्यादा पडतात. मोठ्या पॅकेटाचे तुकडे झाल्यास पोर्ट क्रमांक पहिल्याच तुकड्यात असतो व उरलेले तुकडे नियमातून निसटतात. दुसरे असे की, बहुतेक सेवा आता कूटबद्ध रूपात ४४३ या एकाच पोर्टवर चालतात. त्यामुळे केवळ क्रमांकावरून काम ओळखता येत नाही. याउलट कामांप्रमाणे जालाचे भाग पाडून प्रेषक पत्त्यावरून नियम करणे अधिक टिकाऊ ठरते. आयपीच्या सहाव्या आवृत्तीसाठी नियम स्वतंत्रपणे लिहावे लागतात. ते राहून गेल्यास चौथ्या आवृत्तीवरील सर्व नियम बरोबर असूनही वाहतूक दुसऱ्या वाटेने निघून जाते.

परीक्षण : धोरण प्रथम साध्या भाषेत लिहून संस्थेच्या जबाबदार व्यक्तीकडून संमत करून घ्यावे व नंतरच त्याचे नियमांत रूपांतर करावे. प्रत्येक भागातील संगणकावरून मार्गशोधक आज्ञा देऊन पॅकेटे अपेक्षित जोडणीने जातात की नाही हे पाहतात. प्रत्येक नियमाला किती पॅकेटे लागू झाली याची राउटर ठेवीत असलेली मोजणीही तपासतात. ज्याची मोजणी शून्यच राहते तो नियम एकतर चुकीचा असतो किंवा त्याच्या आधीच्या नियमाने झाकलेला असतो. शेवटी, कामाची वेळ टाळून, एकेका जोडणीची तार प्रत्यक्ष काढून बिघाडप्रसंगीचे वर्तन पाहावे. नियमांची संख्या वाढत जाते तसतसे त्यांचे परस्परसंबंध समजणे कठीण होते. म्हणून प्रत्येक नियमाचे कारण व तारीख नोंदवून ठेवणे आणि कारण संपताच तो काढून टाकणे हिताचे असते.

संबंधित पद्धती : धोरणाधिष्ठित मार्गनिर्धारण वाट निवडते. त्या वाटेवर कोणास आधी सोडावे हे ते ठरवीत नाही. ते काम सेवागुणवत्ता नियंत्रणाचे होय. १९९८ च्या प्रमाणकानुसार त्यासाठी पॅकेटाच्या शीर्षभागात ६ बिटांची म्हणजे ६४ मूल्ये असू शकणारी खूण वापरतात. बीजीपीतही धोरण असते, पण ते कोणते मार्ग स्वीकारावे व कोणते इतरांस कळवावे याविषयी असते. मार्ग एकदा स्वीकारल्यावर पॅकेटे गंतव्य पत्त्यावरूनच जातात. ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील तारा निकामी झाल्या, तेव्हा मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी भारताची बरीच वाहतूक सेवादात्यांना पूर्वेकडील मार्गांनी वळवावी लागली. हे बीजीपीच्या पातळीवरील धोरणाचे उदाहरण होय. २०१० नंतर विकसित झालेल्या सॉफ्टवेअर-नियंत्रित विस्तृत जालांत संस्थेच्या सर्व शाखांचे नियम एका केंद्रातून दिले जातात आणि जोडण्यांचा विलंब व गळती सतत मोजून मार्ग बदलला जातो.

सामाजिक बाजू : कोणाच्या पॅकेटास कोणता मार्ग मिळावा हे ठरविणे म्हणजे अग्रहक्क ठरविणे होय. रुग्णालयाने किंवा विद्यापीठाने स्वतःच्या जालात असा क्रम लावणे ही अंतर्गत व्यवस्थेची बाब आहे. परंतु सर्वसामान्यांना सेवा देणाऱ्या संस्थेने मजकुराच्या प्रकारावरून पक्षपात केल्यास तो नागरिकांच्या माहितीच्या हक्काचा प्रश्न होतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार भिन्न दर आकारण्यास मनाई केली. २०१८ मध्ये केंद्र शासनाने जालतटस्थतेचे तत्त्व स्वीकारून ते सेवादात्यांच्या परवान्यांच्या अटींत समाविष्ट केले. धोरणाधिष्ठित मार्गनिर्धारणाचे तंत्र या दोन्ही ठिकाणी सारखेच असते. त्याचा वापर न्याय्य आहे की नाही हे धोरण कोणी, कोणासाठी व कोणाच्या माहितीत आखले यावर अवलंबून असते.